काहीच न विचारणारी डिस्क

माझ्या टेबलाच्या खणात तीन डिस्क होत्या. तिन्ही एकाच ऑपरेटिंग सिस्टीमच्या, दिसायला सारख्याच चकचकीत. डहाणू रोड स्टेशनातून मसोलीकडे निघालं की डाव्या हाताला माझं फॉर्म भरायचं आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. तिथे बसून मी वर्षानुवर्षं लोकांना दटावत आले, की बारीक अक्षरांतलं आधी वाचा आणि मग सही करा. या तीन डिस्कवरची बारीक अक्षरं मात्र मी स्वतः कधी वाचली नव्हती. ज्या सकाळी त्यांतला फरक कळला, त्या सकाळची भीती अजून गेलेली नाही.

आधी माझा स्वभाव सांगते, कारण सगळा घोळ त्यातूनच झाला. मला मळकं काही बघवत नाही. कागद वाकडा लागला तर मी तो पुन्हा लावते. गिऱ्हाइकाने आणलेला दाखला स्कॅन केला की कडा कापते, पिवळेपणा घालवते, मागचा भाग पांढराशुभ्र करते आणि मगच प्रिंट देते. लोकांना ते आवडतं. घरचे म्हणतात, हिला देवळात बसवली तर ही शेंदूर खरवडून काढेल. चिडवतात ते ठीक आहे, पण त्यात खोटं काही नाही. कॉम्प्युटरच्या डब्यावर एका कडेला एक स्टिकर होता. त्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून पंचवीस चिन्हांचा कोड. स्टिकर अर्धा सुटला होता, कडांना काळा मळ धरला होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी दुकानातली सगळी यंत्रं पुसते, अगदी स्टेपलरसुद्धा, कारण पूजेला घाणेरडं काही मांडायचं नाही अशी आमच्या घरची रीत. खोबरेल तेल आणि जुनं ब्लेड घेऊन मी तो स्टिकर साफ उतरवला आणि दुसऱ्या दिवशी तिथेच हळदकुंकू लावलं. किती छान दिसतंय, असं तेव्हा वाटलं होतं.

त्यानंतर कधीतरी पावसाळ्यात तो कॉम्प्युटर बिघडला. चालू केला की निळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, मग आपोआप बंद आणि पुन्हा चालू. दोन दिवस मी लॅपटॉपवर काम भागवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ठरवलं, सिस्टीम नव्याने टाकून मोकळी होऊ. त्यात काय मोठं, डिस्क तर आहेत.

पहिली डिस्क माझ्या दिराची. त्याने ती दुकानातून रंगीत खोक्यात पूर्ण किमतीला घेतली होती. त्याचं जुनं मशीन मोडीत गेलं तेव्हा डिस्क मला दिली, पण खोक्यावरचा कोड नव्या मशीनवर वापरला. ती डिस्क घातली तर तिने कोड मागितला. मला स्टिकर आठवला. मी डब्याच्या कडेला बघितलं, तिथे फक्त हळदीचा डाग होता.

दुसरी मी स्वतः घेतलेली, स्वस्त पडते म्हणून. तिच्यावर 'अपग्रेड' लिहिलेलं होतं. तिचा कोड माझ्याकडे जपून ठेवलेला होता, तो मी टाकला. तिने तो घेतलाही. मग म्हणाली, आधीची सिस्टीम चालू करा आणि तिच्या आत जाऊन मला चालवा. आता आधीची चालू होत असती तर मी तुझ्या दारात आले असते का, असं मी तिला मोठ्याने म्हणाले. दुकानात कोणी नव्हतं म्हणून बरं.

तिसरी त्या कॉम्प्युटरबरोबरच आली होती, तो बनवणाऱ्या कंपनीची. साधं कागदी पाकीट, वर लिहिलेलं की ही डिस्क सुटी विकायची नाही. ती घातली आणि मला एकदम बरं वाटलं, कारण तिने कोड मागितला नाही, आधीचं काही दाखवा म्हणाली नाही. एक पांढरा चौकोन आला. मशीन खरेदीच्या दिवशी जसं होतं तसं करून मिळेल, त्यावरचं सगळं जाईल, पुढे जायचं का? मी मनात म्हटलं, सगळं म्हणजे काय, लोकांचे जुने स्कॅन. जाऊ देत. आणि एंटर दाबलं. 'कृपया थांबा' असं आलं, खाली तीन टिंबं लुकलुकायला लागली. मी चहा ओतून घेतला.

तेवढ्यात एक दादा दुकानात आले. तलासरी तालुक्यातल्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागातले, भात आणि नागली, म्हणजे नाचणी, पिकवणारे. दोन वर्षांपूर्वी एकदा आले होते तेव्हापासून माझ्या लक्षात होते, कारण त्यांनी आणलेल्या कागदासारखा तपकिरी कागद मी कधी बघितला नव्हता. त्यांचे वडील चार यत्ता शिकले होते. शाळेच्या रजिस्टरातला वडिलांच्या नावाचा तो हाताने लिहिलेला उतारा होता, आणि त्यात जातीची नोंद होती. तो कागद त्यांच्या घरी चुलीवर टांगलेल्या बांबूच्या ताटीवर ठेवायचे, बियाण्याच्या नागलीशेजारी. धुराने बियाण्याला कीड लागत नाही, तसा कागदालाही कसर लागली नव्हती. माझ्या जन्माआधीपासून तो कागद तिथे शाबूत होता.

मी तेव्हा काय केलं होतं ते सांगते. मी तो स्कॅन केला, कडा कापून आणि उजळून छान प्रिंट दिली. आणि मूळ कागदाची दशा बघवेना म्हणून त्यांना म्हटलं, दादा, याला लॅमिनेशन करून देते, आता शंभर वर्षं काही होणार नाही. त्यांनी मान हलवली. घरी जाऊन त्यांनी तो नेहमीच्या जागी ठेवला, चुलीवर. दुसरी जागा का शोधतील? मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं की कागद कुठे ठेवता, ते सगळं मला त्या सकाळी कळलं.

त्यांनी पिशवीतून एक वर्तमानपत्राची घडी काढली आणि काउंटरवर उघडली. आत आक्रसलेलं, फुगलेलं, तांबूस प्लास्टिक होतं. त्यांनी ते सोडवायचा प्रयत्न केला होता, तेव्हा कागदाचा वरचा पापुद्रा अक्षरांसकट प्लास्टिकबरोबर निघाला होता. शेजारी माझी पांढरीशुभ्र प्रिंट होती.

"बाय," ते म्हणाले, "पोरीला नर्सिंगला नंबर लागला. जातीच्या दाखल्याची तपासणी हाय, शुक्रवारी शेवटचा दिवस. शाळेत गेलो तर हेडमास्तर बोलतात, नवीन उतारा देतो, पन गठ्ठ्याचा नंबर सांगा. नंबराशिवाय एवढी जुनी रजिस्टरं उलटायला महिना जाईल. तो नंबर कागदाच्या कडेला लिवलेला होता. तुझ्या कागदावर तो नाय."

तो बुधवार होता. मी माझी प्रिंट हातात घेतली. कडा किती सुबक कापली होती मी. नंबर त्या कडेवर होता. मूळ स्कॅन, न कापलेला, स्कॅनरच्या फोल्डरमध्ये असणार, कारण ते एकच फोल्डर मी कधी आवरलं नव्हतं. ते फोल्डर कुठे आहे हे मला आठवलं. ते माझ्या पाठीमागे होतं, तीन टिंबं लुकलुकत होती त्या मशीनमध्ये.

मी मागे वळले आणि भिंतीतून वायर उपटली. चहाचा कप पडला. दादा दचकून म्हणाले, "काय झाला?"

"काही नाही," मी म्हटलं. "शॉक लागतो कधी कधी."

खोटं किती पटकन सुचतं. पुढे काय करायचं ते मात्र सुचेना. मशीन पुन्हा चालू करायची हिंमत नव्हती. चालू केलं आणि डिस्कने उरलेलं काम पुरं केलं तर? आणि ते आधीच पुरं झालं असेल तर? चहा ओतायला किती वेळ लागतो, हे मी आयुष्यात कधी मोजलं नव्हतं. मला त्या मुलीचा चेहरा आठवत होता. पहिल्या वेळी ती बरोबर होती, दहावीत होती तेव्हा. माझ्या दुकानातल्या भिंतीवरची फॉर्मची यादी ती ओठ हलवत वाचत होती.

आशागडच्या रस्त्याला एक काका दुरुस्तीचं काम करतात. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर असं करत आलेले. घरात गुजराती, दुकानात मराठी. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "बेन, मशीनला हात लावू नका. आहे तसं घेऊन या."

मी डबा उचलायला गेले, तर दादांनी मला बाजूला केलं आणि डबा स्वतःच्या खांद्यावर घेतला. शेअर रिक्षात त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी कवटाळला. आपण काय धरून बसलोय हे त्यांना माहीत नव्हतं. रस्त्याला खड्डे होते, प्रत्येक खड्ड्याला आत काहीतरी हललं, पुसलं गेलं, असं वाटायचं. जे पुसलं जायचं ते वीज असतानाच पुसलं जातं, खड्ड्याने नाही, हे मला ठाऊक होतं. भीतीला ते ठाऊक नव्हतं.

अर्ध्या वाटेत मला राहवेना. मी त्यांना सगळं सांगितलं. नंबर या डब्यात आहे. असला तर. आज सकाळी मी हे मशीन कोरं करायला घेतलं होतं आणि तुम्ही आलात. प्लास्टिकही मीच लावलं होतं. मी बोलत असताना रिक्षातली एक बाई वळून बघायला लागली.

दादांनी डबा जरा आणखी वर घेतला, छातीशी. मग म्हणाले, "रस्ता खराब हाय. बोलू नको आता."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

काकांनी डबा आडवा ठेवला आणि स्क्रू काढायला लागले. मी तिन्ही डिस्क पिशवीत घालून नेल्या होत्या. त्यांनी त्या उलटसुलट करून बघितल्या.

"बेन, या तिन्ही एक नाहीत," ते म्हणाले. "ही दिराची, आख्खी किंमत देऊन घेतलेली. ती मालकाबरोबर जाते. या मशीनवरून काढा, त्या मशीनवर घाला, पण एका वेळी एकच. म्हणून कोड त्याने ठेवला, ते बरोबर केलं. ही तुमची अपग्रेड. आधीची सिस्टीम असेल त्यालाच ही स्वस्तात मिळते, म्हणून ती आधीची दाखवा म्हणते. आणि ही मशीनवाल्याची. ही त्या मशीनचीच, मशीन मेलं की हीपण मेली. हिच्यात काही बिघडलं तर सिस्टीमवाले विचारणार नाहीत, मशीनवाल्याकडे जा सांगतील."

"पण हिने तर काहीच विचारलं नाही," मी म्हटलं.

"कशाला विचारेल? आपलं मशीन दिसलं की झालं तिचं. आणि तिला कामही एकच येतं, मशीन कारखान्यातून निघालं तसं करायचं. तुमचे कागद कारखान्यात नव्हते." त्यांनी डब्याची कड बघितली. "स्टिकर कुठे गेला?"

"दसऱ्याला खरवडला."

ते माझ्याकडे बघत राहिले. "पूजेला?"

"पूजेला."

"तसा तो असता तरी दिराच्या डिस्कला चालला नसता," ते म्हणाले. "मशीनवाल्याचा कोड वेगळा, दुकानातल्या डिस्कचा वेगळा. पण पुढे लागला असता. असू दे."

त्यांनी आतून हार्ड डिस्क काढली. तळहाताएवढी चपटी पेटी, वजनदार. एवढ्याशा पेटीत सगळं. ती त्यांनी एका वायरीने आपल्या मशीनला जोडली. त्यातून टक टक असा आवाज यायला लागला. काका म्हणाले, थांबा. पुन्हा टक टक. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर मला एकही आठवेना. दादा दारात उभे होते, आत यायला सांगितलं तरी आले नाहीत. आत येऊन 'नाही' ऐकण्यापेक्षा बाहेर राहिलेलं बरं, असं त्यांना वाटलं असावं. मलाही पळून जावंसं वाटत होतं. मसोलीला जावं, शटर ओढावं आणि पुन्हा कधी कुणाच्या कागदाला हात लावू नये.

आवाज थांबला. पडद्यावर एक चौकोन उघडला, त्यात फोल्डरांची रांग. काका म्हणाले, "पुसायला सुरुवात झाली नव्हती. नुसती तयारी चालली होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर माझ्याकडे येऊनही उपयोग नव्हता."

मी खुर्चीवर बसले. पण भीती गेली नव्हती, कारण अजून कागद सापडायचा होता. स्कॅनरच्या फोल्डरमध्ये हजारो फायली होत्या, नावं नव्हती, नुसते आकडे. दोन वर्षांपूर्वीचा महिना मला आठवेना. काकांनी सगळी पानं छोटी छोटी करून पडद्यावर पसरली आणि खाली सरकवायला लागले. पांढरी, पांढरी, पांढरी. आधारकार्डं, रेशनकार्डं, सातबारे. माझे डोळे दुखायला लागले. काकांनी दोनदा विचारलं, "नक्की ठेवला होता ना?"

"तो," दारातून आवाज आला.

दादा कधी आत आले कळलं नाही. ते पडद्यापासून चार हात लांब होते आणि बोट दाखवत होते. "तो माझ्या बापाचा."

त्या सगळ्या पांढऱ्या गर्दीत एकच पान तपकिरी होतं. धुराने रंगलेलं, कडा काळवंडलेल्या, एका कोपऱ्यावर डाग. मी तेच घालवलं होतं प्रिंटमधून. काकांनी ते मोठं केलं. डाव्या कडेला आडव्या ओळीत पेन्सिलीने गठ्ठ्याचा आणि पानाचा नंबर होता. शेवटचा आकडा डागाखाली दबला होता. माझा हात सवयीने पुढे गेला, जरा उजळ करून बघू म्हणून. मग मी तो मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवला. काकांनी भिंग आणलं. तिघांनी आळीपाळीने बघितलं आणि तो सात आहे असं ठरलं. दादांनी तो नंबर माझ्याकडून कागदावर लिहून घेतला नाही. तळहातावर पेनने स्वतः लिहिला, दोनदा, दोन्ही हातांवर, आणि निघाले.

त्या रात्री मी जेवले नाही. आकडा सात नसून एक असेल तर? गुरुवारचा दिवस मी फॉर्म भरले की काय केलं, मला सांगता येणार नाही. शुक्रवारी दुपार गेली, कोणी आलं नाही, फोन नाही. मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं की गेलं सगळं, माझ्यामुळे.

ते सोमवारी आले. मुलगी बरोबर होती. तिनेच सांगितलं, आकडा सातच होता, हेडमास्तरांनी दोन मिनिटांत पान काढलं, कागद वेळेत पोचले. ती बोलताना हसत होती. मला एकदम रडू आलं, आणि दुकानात रडणाऱ्या बाईची मला चीड आहे, म्हणून मी खण उघडून उगाच काहीतरी शोधत बसले.

शाळेने नव्या उताऱ्याच्या दोन प्रती दिल्या होत्या, एक तपासणीला गेली, एक घरी ठेवायला. दादांना घरच्या प्रतीचा स्कॅन हवा होता. "तुझ्या मशीनमधी पन असू दे," ते म्हणाले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला असं मला वाटलं आणि मी हात पुढे केला.

त्यांनी कागद माझ्या हातात दिला नाही.

ते काउंटरच्या आत आले आणि कागद स्वतः काचेवर ठेवला. मी म्हटलं, दादा, झाकण लावायचंय, बोट काढा. ते म्हणाले, "असंच काढ." आवाजात राग नव्हता. रिक्षात डबा धरला होता तसाच त्यांनी तो कागद अंगठ्याने कोपऱ्यात दाबून धरला होता. मी झाकण अर्धवट ठेवून स्कॅन घेतला. उजेडाची पट्टी त्यांच्या अंगठ्यावरून सरकत गेली.

प्लास्टिक लावू का, असं मी विचारलं नाही. त्यांनी कागद वर्तमानपत्रात गुंडाळला, मुलीकडे दिला. तो घरी कुठे ठेवणार ते मला माहीत होतं.

तो स्कॅन आता माझ्याकडे दोन ठिकाणी आहे. पान वाकडं आलंय, एका बाजूला झाकणाची काळी सावली आहे आणि डाव्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा आहे, नखात माती असलेला. कडा मी कापलेल्या नाहीत.